मदत हवी आहे: शिरस्त्राणाखाली माइक कुठे लावावा?

मेलबर्नमधल्या हौशी गटाचं विनोदी संगीत नाटक. दिवास्वप्नात वीर होणारा कारकून २० सेकंदांत शर्ट-टायवरून चिलखतात येतो आणि लगेच गातो. कपड्यांची अडचण नाही: चिलखताला मागून चुंबकी बटणं आहेत (वेल्क्रोचा चरचर आवाज हळू संगीतात ऐकू जायचा). बिनतारी माइकचा ट्रान्समीटर (आवाज पाठवणारी डबी) कमरेला, आतल्या पट्ट्यात.

अडतंय माइकपाशी. कपाळावर केसांच्या रेषेत लावला, तर शिरस्त्राण घालताना ठक्क वाजतं, मग आवाज दबतो. गालावर घेतला, तर हनुवटीचा पट्टा घासतो. फोमचं अस्तर कापलं. शिरस्त्राण डुगडुगायला लागलं. दुसरा ट्रान्समीटर नाही, मदतनीस एकच, शिरस्त्राण काढता येणार नाही (सगळा विनोद त्यावरच!).

कानावर घेतला तर चार वाद्यांपुढे आवाज पुरेल का? की कपाळावरच ठेवून अस्तरात खाच पाडावी, आणि किती रुंद?