मदत हवी आहे: कोकणात रोज वापरायची आणि ट्रॅकवरही नेता येईल अशी एकच हॅचबॅक

नमस्कार.

मी कुडाळला राहतो. सध्याची जुनी डिझेल गाडी विकून टर्बो पेट्रोल हॅचबॅक घ्यायचा विचार आहे. ही गाडी आठवडाभर सावंतवाडी–कुडाळ–कणकवली या पट्ट्यात कामासाठी चालावी, गणपतीत घरच्यांना सामानासकट घेऊन जावी, आणि वर्षातून एक-दोनदा स्वतःच्या चाकांवर ट्रॅकवर जाऊन, दिवसभर पळून, त्याच चाकांवर घरी परत यावी, अशी अपेक्षा आहे. ट्रेलरवरून न्यायची वेगळी ट्रॅक-कार माझ्या आवाक्यात नाही. गाडी, बदल, विमा आणि पहिल्या वर्षाचा ट्रॅकचा खर्च असे सगळे मिळून बारा लाखांत बसवायचे आहे.

"आंबोलीचा घाट असताना ट्रॅक कशाला" हा सल्ला कृपया देऊ नये. धुके, वानरे, दुधाची गाडी आणि वळणावरच छत्री उघडून उभे राहिलेले पर्यटक ज्या रस्त्यावर असतात, तिथे वेग अजमावणे मला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ लाही ते मान्य नाही.

आपल्या किनाऱ्याजवळ मोठ्या गाड्यांचा ट्रॅक नाही. कोल्हापूरला कार्टिंगची सोय आहे आणि हात बसवायला ती उत्तम आहे, परंतु स्वतःची गाडी न्यायची तर मी दोन ठिकाणांचा विचार करतो आहे : कोइम्बतूरचा सुमारे २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा सुमारे ३.७ किलोमीटरचा मद्रासचा ट्रॅक. ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट मी विचारातच घेतलेला नाही. कोइम्बतूर काय किंवा चेन्नई काय, कुडाळहून बेळगाव–बेंगळुरूमार्गे जवळपास हजार किलोमीटर पडतात. म्हणजे ट्रॅकवर पहिली फेरी मारण्याआधी महाराष्ट्र, कर्नाटक आणि तमिळनाडू या तीन राज्यांतून ही गाडी रीतसर कागदपत्रांसह जायला हवी, आणि तिच्यात बसणाऱ्याची पाठही शाबूत राहायला हवी. माझ्या सगळ्या शंका या एका अटीतून निघतात. शहरात ट्रॅकच्या जवळ राहणाऱ्यांचे सल्ले वाचताना ही अट त्यांच्या हिशेबात नसते, असे जाणवते.

गाड्यांविषयी मी जे जमवले आहे ते असे. फोक्सवॅगन पोलोचे भारतातले उत्पादन २०२२ मध्ये थांबले, त्यामुळे ती वापरलेलीच घ्यावी लागेल. तिच्यात मला २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल पसंत आहे (११० पीएस ताकद, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर). आधीच्या जीटी टीएसआयमधले १.२ लिटरचे इंजिन गोड असले तरी त्याच्याबरोबर कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) येतो, आणि पुढे कधी ताकद वाढवायची झाली तर त्या गिअरबॉक्सची २५० न्यूटन-मीटरची मर्यादा आड येते. ह्युंदाई आय२० एन लाइनचे आकडे १२० पीएस आणि १७२ न्यूटन-मीटर असे आहेत. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आणि २०२३ च्या नव्या रूपापासून तिला सहा गिअरचा, क्लचचे पेडल असलेला खरा मॅन्युअल मिळाला आहे. जून २०२४ मध्ये आलेली टाटा अल्ट्रोझ रेसरही १२० पीएसची आहे. बलेनो आरएस १०२ पीएसचीच, पण तिचे वजन ९५० किलोच्या आसपास असल्याने ती मनातून जात नाही. अबार्थ पुंटोची १४५ पीएसची १.४ टी-जेट मोटर या सगळ्यांत जोरकस आहे, परंतु फियाटने भारतातून काढता पाय घेतल्यानंतर तिचा एखादा सुटा भाग मिळवण्यासाठी कुडाळमध्ये किती दिवस वाट पाहावी लागेल, या विचारानेच मी मागे सरतो. पोलो जीटीआय आणि गोल्फ जीटीआय फोटोत पाहून समाधान मानतो.

बदलांच्या बाबतीत माझा क्रम आधी रिमॅप (इंजिनच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवणे), मग एअर इनटेक आणि सायलेन्सर, मग खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि शेवटी ब्रेक असा होता. वाचन वाढत गेले तसा हा क्रम उलटा असावा असे वाटू लागले आहे. जाणकारांनी कृपया सांगावे : वरच्या अटीत कोणती गाडी बसते, कोणते बदल खरोखर उपयोगी आहेत, त्यांतले कोणते आरसी बुक आणि विमा यांना बाध आणत नाहीत, आणि खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीसाठी यात काही वेगळे करावे लागते का?

प्रतिसाद १ (रत्नागिरी)

आपला क्रम उलटाच हवा, पण त्याविषयी इतर लोक लिहितील. माझा व्यवसाय जुन्या गाड्या तपासून देण्याचा असल्याने मी खरेदीपुरते लिहितो.

वापरलेली पोलो घेणार असाल तर ती किनाऱ्यावर वाढलेली नसावी, हे पहिले पथ्य. रंग आणि आतली सजावट पाहून गाडी पसंत करणारे लोक तिला लिफ्टवर चढवायला विसरतात. पुढच्या चाकांचा भार घेणारी सबफ्रेम, मागचा ॲक्सल, ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि दारांच्या खालच्या पत्र्याच्या शिवणी टॉर्च लावून पाहाव्यात. वरचा गंज घासून जातो, पण ब्रेकच्या नळीवर पापुद्रे धरलेली गाडी ट्रॅकवर नेण्याचा विचारही करू नये.

दुसरे पथ्य पुराचे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यांतल्या काही दुरुस्त होऊन बाजारात आल्या आणि नोंदणीच्या क्रमांकावरून त्या ओळखू येत नाहीत. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर मातीची रेघ आहे का पाहा, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला, पुढच्या सीटखालचे गालिचे उचलून तिथल्या वायरिंगच्या जोडण्या तपासा आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागून घ्या. विकणारा टाळाटाळ करू लागला की उठून निघावे.

तिसरे म्हणजे गोव्याची गाडी. कुडाळहून म्हापसा हाकेच्या अंतरावर, तिथे रस्ता कर कमी, त्यामुळे गाडी स्वस्त दिसते आणि मोह होतो. पण तिथली एनओसी आणून, इथे कर भरून, सिंधुदुर्गच्या आरटीओत एमएच-०७ क्रमांक घेतल्यानंतर त्या स्वस्ताईतले किती उरते याचा हिशेब आधीच करावा. गोव्याच्या पाटीवर कायमचे फिरत राहणे हा उपाय नव्हे.

बजेट बारा लाखांचे असेल तर मी स्वतः थोडी वापरलेली, वॉरंटी शिल्लक असलेली आय२० एन लाइन शोधीन.

प्रतिसाद २ (पुणे, मूळ गाव देवगड)

मी कारीवर हॅचबॅक चालवतो, म्हणून ब्रेकविषयी जरा विस्ताराने लिहितो. या धाग्यातली महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते.

कारीचा ट्रॅक आखूड आणि वळणांचा असल्याने ब्रेकना थंड व्हायला फारसा वेळच मिळत नाही. नव्या माणसाची गाडी ताकद कमी पडली म्हणून थांबत नाही, तर काही फेऱ्यांनंतर पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागते म्हणून थांबते. त्यामागे दोन वेगळी कारणे असतात. पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला तर पेडल टणक राहते पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळले तर नळीत वाफ तयार होते आणि पेडल स्पंजसारखे दबते. आता आपल्या कोकणाचा संबंध पाहा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने दमट हवा सोसलेल्या गाडीतले दोन वर्षांचे ऑइल घेऊन कोणी ट्रॅकवर जाऊ नये. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात ते पूर्ण बदलून घ्यावे. संपूर्ण यादीत याहून स्वस्त आणि याहून परिणामकारक बदल नाही. डॉट ५ मात्र घेऊ नये, तो सिलिकॉनचा वेगळा प्रकार आहे आणि आपल्या गाड्यांत चालत नाही.

पॅड निवडताना निव्वळ ट्रॅकचे पॅड टाळावेत. ते थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि पावसाळ्यात सकाळी अंगणातून निघालेल्या गाडीचे ब्रेक थंडच असतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बनवलेले मधल्या दर्जाचे पॅड पुढे लावावेत. मागे ड्रम असल्याचे दुःख करू नये, कारण इंजिन पुढे असलेल्या गाडीत ब्रेकचे बहुतेक काम पुढचीच चाके करतात. जोरात पळून पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यावर) आल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवावी. त्याआधीची एक फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू घ्यावी.

टायर कंपनीच्याच मापाचे, पण चांगल्या पकडीचे आणि पावसात पाणी कापणारे घ्या. परतीच्या वाटेवर आंबोलीत पाऊस असणारच. ट्रॅकवर टायर तापून हवेचा दाब बराच वाढतो, तो गेजने पाहून कमी करावा लागतो, आणि घरी निघण्यापूर्वी टायर थंड झाल्यावर हवा पुन्हा भरावी लागते. दिवसभराच्या दमणुकीनंतर नेमकी हीच गोष्ट राहून जाते. छोटा पंप गाडीतच ठेवा. स्टेपनी, जॅक, बाटल्या आणि पायाखालच्या मॅट ट्रॅकवर उतरण्याआधी बाहेर काढा.

चार टोकांचा हार्नेस (शर्यतीच्या गाडीतला पट्टा) मूळ सीटवर लावू नका. मूळ सीट त्याच्यासाठी घडवलेली नसते, आणि धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे सरकू शकते. रोल केज (आत बसवलेला लोखंडी नळ्यांचा सांगाडा) लावलेल्या गाडीत घरच्यांना विनाहेल्मेट बसवून बाजारात नेणे तर त्याहून धोक्याचे, कारण डोके थेट लोखंडी नळीवर आपटते. तुमची गाडी घरचीही आहे, तेव्हा कंपनीचा तीन टोकांचा बेल्ट, एअरबॅग आणि चांगले हेल्मेट एवढेच असू द्या.

रिमॅपचे पैसे पहिल्या वर्षी प्रशिक्षकाला द्या.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ऑइलचा मुद्दा मला पूर्णपणे नवा होता. स्प्रिंगविषयी मात्र कोणी लिहिले नाही. आमच्या वाडीपर्यंतचा शेवटचा रस्ता जांभ्याचा आहे आणि पावसाळ्यात त्याला चर पडतात, त्यामुळे गाडी खाली बसवायला मन धजत नाही. तसेच विम्याचे काय?

प्रतिसाद ३ (चिपळूण, वकील)

स्प्रिंगचे उत्तर आपण स्वतःच दिलेले आहे. मी कागदांविषयी लिहितो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द करून हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ब्रेक ऑइल, पॅड, त्याच मापाचे टायर आणि अलाइनमेंट ही माझ्या मते देखभालीतली कामे आहेत, बदल नव्हेत. कर्कश सायलेन्सर, रंगबदल किंवा इंजिनची अदलाबदल यांची जात वेगळी. तीन राज्यांचे नाके ओलांडून जाणाऱ्या माणसाने आवाजाची हौस करू नये, हे माझे वैयक्तिक मतही जोडून ठेवतो.

विम्याबाबत गैरसमज नसावा. आपल्याकडील खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि तत्सम वापर स्पष्टपणे वगळलेले असतात. ट्रॅक डे (आपापली गाडी ट्रॅकवर चालवून पाहण्याचा दिवस) ही शर्यत नाही, हा युक्तिवाद मला करता येईल, पण त्यावर अवलंबून राहून आपण तिथे जावे असे मी सांगणार नाही. ट्रॅकवर गाडीचे जे नुकसान होईल ते स्वतःच्या खिशातून भरावे लागेल असे धरून चाला. मधल्या दोन हजार किलोमीटरच्या प्रवासासाठी मात्र पॉलिसी शाबूत असायला हवी, म्हणून केलेला कोणताही बदल विमा कंपनीला लेखी कळवावा आणि पोच जपून ठेवावी. आयोजकांकडे सही करायचा कागद पूर्ण वाचावा. ट्रॅकच्या कठड्याचे नुकसान भरून देण्याची अटही त्यात असू शकते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांच्या प्रतिसादांनंतर अबार्थ आणि रिमॅप दोन्ही यादीतून काढले आहेत. २०२३ नंतरची आय२० एन लाइन मॅन्युअल आधी शोधणार आहे. ती बजेटमध्ये मिळाली नाही तर देशावरची, लिफ्टवर तपासलेली पोलो १.० टीएसआय मॅन्युअल घेईन. बदल म्हणून ताजे डॉट ५.१ ऑइल, पुढचे पॅड, कंपनीच्या मापाचे चार टायर आणि हेल्मेट एवढेच करणार आहे. ट्रॅकवर काही बिघडले तर परत येण्यापुरती रक्कम म्हणून दीड लाख बाजूला ठेवत आहे.

आता एकच शंका उरली आहे. पुढच्या चाकांना थोडा उणा कॅम्बर (चाकाची वरची बाजू आत कललेली) दिल्यास ट्रॅकवर टायरची बाहेरची कड कमी झिजते असे वाचले आहे, परंतु या गाड्यांत तो मुळातून कमी-जास्त करता येत नाही आणि त्यासाठी वेगळे कॅम्बर बोल्ट लावावे लागतात. रोजच्या वापरात तेवढ्याने टायरची आतली कड खाल्ली जाईल का? आणि कुडाळ ते पणजी या टापूत आधीचे आणि नंतरचे माप कागदावर छापून देणारे अलाइनमेंटचे दुकान कोणाच्या माहितीत आहे का? बेळगावचे असले तरी चालेल, ते वाटेतच आहे.