इओसिनोफिलिक न्यूमोनियात स्टेरॉइडऐवजी बायोलॉजिक औषध देता येईल का?

प्रश्न
माझ्या आईला दीड वर्षापूर्वी क्रॉनिक इओसिनोफिलिक न्यूमोनियाचे (इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी फुप्फुसात साचून होणाऱ्या दीर्घकालीन आजाराचे) निदान झाले. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यावर ताप आणि धाप काही दिवसांतच ओसरली. परंतु मात्रा 10 मिलिग्रॅमच्या खाली आणली की आजार उलटतो, आणि असे तीनदा झाले आहे. आता साखर वाढली आहे, हाडेही ठिसूळ झाली आहेत. डॉक्टरांनी मेपोलिझुमॅब हे बायोलॉजिक (शरीरातील एखाद्या ठराविक प्रथिनावर वा पेशीवर नेमके काम करणारे) इंजेक्शन सुचवले आहे. गोळ्या पूर्ण सुटतील का?

उत्तर १
ताई, इओसिनोफिल पेशींची वाढ प्रामुख्याने इंटरल्युकिन-5 या प्रथिनावर अवलंबून असते. मेपोलिझुमॅब ते प्रथिनच अडवते, तर बेनरालिझुमॅब हे तशाच प्रकारचे दुसरे औषध पेशीवरील त्याच्या ग्राहीला चिकटून त्या पेशी नष्ट करवते. म्हणूनच स्टेरॉइडसारखा सर्व शरीरावर होणारा परिणाम येथे टळतो. तीव्र इओसिनोफिलिक दम्याच्या 2014 मधील चाचणीत मेपोलिझुमॅब घेणाऱ्यांची स्टेरॉइडची मात्रा मध्यकानुसार 50 टक्क्यांनी उतरली. ईजीपीए या रक्तवाहिन्यांच्या आजारात 2017 साली 136 रुग्णांवर दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम देऊन अभ्यास झाला. त्यातही औषध मिळालेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा आजार अपेक्षेइतका शमला नाही. आपल्या आईंच्या आजारात मात्र पुरावा मुख्यतः थोड्या थोड्या रुग्णांच्या नोंदींपुरताच आहे. तो आशादायक आहे, पण मी तरी 'मात्रा बरीच कमी होईल' एवढीच अपेक्षा धरीन.

उत्तर २
मला ईजीपीए आहे आणि मी हेच इंजेक्शन घेतो. पहिल्या डोसनंतर बरे वाटू लागले म्हणून मी गोळ्या स्वतःहून झपाट्याने कमी केल्या, आणि मळमळ व विलक्षण थकव्याने अंथरुणाला खिळलो. तो आजार उलटलेला नव्हता. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड (कॉर्टिसोल) बनवणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी मंदावल्या होत्या. सकाळच्या कॉर्टिसोलची तपासणी झाल्यावरच हे उमगले. कृपया गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, अगदी सावकाश उतरवा.

उत्तर ३
इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी पोटातील जंतांचा संसर्ग तपासून घ्यावा, कारण इओसिनोफिल हे जंतांविरुद्धच्या प्रतिकारातही भाग घेतात. ड्युपिलुमॅब या आणखी एका बायोलॉजिक औषधाचे नाव निघाल्यास अधिक चौकशी करा. त्याने काही रुग्णांच्या रक्तातील इओसिनोफिल वाढतात आणि क्वचित इओसिनोफिलिक न्यूमोनियाही झाल्याचे नोंदले गेले आहे.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. जंतांची आणि कॉर्टिसोलची, दोन्ही तपासण्यांबद्दल पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारते.