मुलीच्या चेहऱ्यावरील मुरुमांसाठी कोणते घरगुती उपाय निर्धास्तपणे करता येतील?

प्रश्न:
नमस्कार. माझी मुलगी १६ वर्षांची असून गेले आठ महिने तिच्या कपाळावर व गालांवर मुरूम येत आहेत. आमच्याकडे दुधात जायफळ उगाळून लावण्याची रीत आहे आणि माझ्या पुटकुळ्या त्यानेच बसल्या होत्या, म्हणून तिलाही तेच लावत होते. परंतु तिने मैत्रिणीचे ऐकून लिंबाचा रस थेट चेहऱ्यावर चोळला व तशीच भर उन्हात क्लासला गेली, तेव्हापासून गालांवर काळपट चट्टे उठले आहेत. ती आता आरशासमोर उभी राहायलाही तयार नसते. औषधी क्रीमची मला भीती वाटते. काय करावे?

प्रतिसाद १:
ताई, लिंबू आजच बंद करा. त्वचेचा सामू (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) ५ च्या आसपास असतो, तर लिंबाच्या रसाचा २ च्या जवळ. शिवाय लिंबातील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात आणि मुलीच्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे. असे डाग फिके होण्यास काही महिनेही लागतात, तोवर उन्हापासून चेहरा जपावा. खाण्याचा सोडा व टूथपेस्टही टाळावी; खोबरेल तेलाने रंध्रे बुजू शकतात. त्वचा शांत झाल्यावर मुलतानी माती पाण्यात कालवून, न घासता लावून, पूर्ण सुकण्याआधी धुतल्यास वरचे तेल शोषले जाते. मात्र वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात, हे मुरुमांचे मूळ कारण आहे आणि तिथपर्यंत कोणताही लेप पोहोचत नाही.

प्रतिसाद २:
सुश्रुतसंहितेत या विकाराला मुखदूषिका म्हटले असून फोडांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. लोध्र, धने व वेखंड यांचा लेप परंपरेने सांगितला जातो, पण भाजलेल्या त्वचेवर तो, किंवा जायफळही, सध्या नको. पुढे काहीही लावताना आधी कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी.

प्रतिसाद ३:
मी स्वतः दोन वर्षे हळद, चंदन आणि कडुनिंबावर काढली. त्या काळात गाठी खोल गेल्या व राहिलेले खड्डे आजही आहेत, म्हणून कळकळीने लिहीत आहे. फोड गाठीसारखे दुखत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका. मुरुमांवर लावायच्या बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापॅलिनचा परिणाम दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागतात, सुरुवातीला त्वचा कोरडी पडते आणि बरेच जण तिथेच औषध सोडतात. भीती बाळगायचीच असेल, तर दुकानातून सल्ल्याविना आणलेल्या रंग गोरा करणाऱ्या स्टिरॉइडयुक्त क्रीमची बाळगावी, कारण त्यांनीच मुरूम वाढतात. मुरूम व पाळी या दोन्हींमागे संप्रेरके असतात, म्हणून मुलीची पाळी नियमित आहे का, हेही पाहा.

प्रश्नकर्ती:
पाळी दोन-दोन महिने येत नाही. या दोन गोष्टींचा संबंध असेल असे मला कधी वाटलेच नव्हते. जायफळ व सहाण आवरून ठेवली आहे. सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेत आहे, तेव्हा पाळीविषयीही सांगेन.