मदत हवी आहे: लग्नाच्या ४२ पाहुण्यांची पुण्यात स्वस्त आणि चांगली राहण्याची सोय

मुलीचं लग्न डिसेंबरातल्या रविवारी, नळ स्टॉपजवळच्या कार्यालयात आहे. मुहूर्त सकाळी ११ चा. कार्यालय शनिवारी संध्याकाळी ५ ते रविवारी संध्याकाळी ५ आपल्या ताब्यात. वधूपक्षाला दोनच खोल्या. बाहेरगावचे ४२ जण: नागपूरचे १८ (ट्रॅव्हल्सने शनिवारी सकाळी येणार, रविवारी रात्री निघणार), सोलापूरचे १४ (शनिवारी दुपारी येऊन रविवारी जेवून परत), चिपळूणचे १० (दोन गाड्या, शनिवारी संध्याकाळी, रविवारी जेवून परत). सात जण सत्तरीपुढचे. खोलीला रात्रीचे २,००० पर्यंत परवडतील. किती खोल्या घ्याव्यात, कुठे बघाव्यात, कुठे फसायला होतं?

हिशेबनीस:
माणसं मोजून खोल्या ठरवू नका, रात्री मोजा. बहुतेक हॉटेलांचा दिवस दुपारी १२ ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी ११ ला संपतो. नागपूरकर शनिवारी सकाळी ७ ला दारात उभे राहिले की हॉटेल शुक्रवार रात्रीचंही भाडं लावतं. घाबरून सगळ्यांसाठी दोन रात्री घेतल्या जातात, खर्च तिथेच वाढतो.

खोलीत तिघे (तिसऱ्याला जादा गादी) धरले तर नागपूर ६, सोलापूर ५, चिपळूण ४, अशा शनिवार रात्री १५ खोल्या. शुक्रवार रात्रीसाठी फक्त ३ घ्या, त्यात नागपूरकर सकाळी आवरतील. एकूण १८ भाडी. २,००० वर ५ टक्के जीएसटी धरून २,१०० × १८ = ३७,८००. सगळ्या १५ खोल्या दोन रात्री घेतल्या तर ६३,०००. गाद्यांचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवून घ्या.

७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. कोणी जुन्या १२ टक्क्यांनी कोटेशन दिलं तर सांगून बदलून घ्या.

आणि गीझर बघाच. १५ लिटरच्या गीझरमधून गार पाणी मिसळून जेमतेम दोन बादल्या निघतात, पुन्हा तापायला वीसेक मिनिटं. सहा जणांच्या आंघोळींना एका खोलीत तास-सव्वा तास हवा. सोलरचं पाणी असेल तर ‘डिसेंबरात पहाटे किती वाजता गरम येतं’ हा प्रश्न व्यवस्थापकाला नाही, खोल्या आवरणाऱ्या मुलाला विचारा. तो खरं सांगतो.

वनाझ_रामवाडी:
हिंजवडी-बाणेरकडच्या हॉटेलांत कंपन्यांचे लोक शनिवार-रविवारी नसल्याने भाव उतरतात, पण लग्नाच्या सकाळी तिथून सगळ्यांना आणायला बस लागते आणि वाचलेले पैसे बसमध्ये जातात. त्यापेक्षा मेट्रोच्या वनाझ-रामवाडी मार्गावर शोधा. पुणे स्टेशनजवळ लॉज भरपूर, आणि तिथून नळ स्टॉपला गाडी न बदलता येता येतं. नागपूरच्या ट्रॅव्हल्स नगर रस्त्यानेच शहरात शिरतात. हॉटेल स्टेशनजवळ असो की डेक्कनला, त्यांना रामवाडीला उतरवलंत तर तिथूनही तीच सरळ मेट्रो. स्वारगेटला उतरणाऱ्यांना मात्र सिव्हिल कोर्टला बदलावी लागते, सामान असेल तर रिक्षाच बरी.

सत्तरीपुढच्या सातांना मेट्रोत चढवू नका. त्यांच्यासाठी तीन खोल्या एरंडवणे-डेक्कनमध्येच घ्या, थोडं जास्त गेलं तरी चालेल. लिफ्ट तळमजल्यापासून आहे का, की आधी दहा पायऱ्या चढून मग लिफ्ट, हे स्वतः बघून या. कमोड प्रत्यक्ष बघा. चिपळूणच्या दोन गाड्यांचं पार्किंग लेखी घ्या, ‘समोर लावता येते’ याचा अर्थ रस्त्यावर.

पावती_पाहिजे:
दहापेक्षा जास्त खोल्या असतील तर ॲपवरून घेऊ नका. ॲपवरचा भाव बघा, मग थेट हॉटेलात जाऊन त्याहून कमी मागा. त्यांचं कमिशन वाचतं, तेवढी जागा असते. पावतीवर खोल्यांची संख्या, दोन्ही तारखा, जादा गादीचा दर, नाश्ता धरून की वगळून, आणि ‘किती दिवस आधीपर्यंत किती खोल्या पैसे न कापता सोडता येतील’ हे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. ऐनवेळी चार जण गळतातच, आणि रिकाम्या खोलीचे पैसे भरावे लागतात. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या दिवसांत रविवार येत असेल तर बाहेरगावचे श्रोतेही खोल्या शोधत असतात, आजच आगाऊ भरा.

कोथरूडकर:
प्रत्येक प्रौढाचं ओळखपत्र लागतं. खोलीवार यादी आणि आधारच्या प्रती आदल्या दिवशी काउंटरवर द्या, नाहीतर सामानासकट १८ जण तासभर लॉबीत. आणि पुण्याचा पत्ता असलेलं आधार काही लॉज चालवून घेत नाहीत. पुण्यातली भाचरं पाहुण्यांबरोबर राहणार असतील तर आधी विचारा.

धागाकर्ती:
खूप मदत झाली, मनापासून आभार. एक अडचण उरली: खोल्या सोडायची वेळ ११ आणि मुहूर्तही ११ चाच!

हिशेबनीस:
म्हणून सकाळी कार्यालयाकडे निघतानाच खोल्या सोडायच्या. ८ पर्यंत बॅगा खाली, प्रत्येक बॅगेवर गावाचं आणि घराचं नाव लिहिलेली चिकटपट्टी, आणि एका टेम्पोने सगळं कार्यालयावर. तुमच्या दोनपैकी एक खोली फक्त सामानाला ठेवा. कुलूप आपलं, किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूस वधूच्या मामांपैकी नको, ते त्या वेळी मांडवात असतील.

नागपूरकर रात्री निघणार आणि कार्यालय ५ ला सुटणार. त्यांच्या ६ पैकी २ खोल्या रविवार रात्री ८ पर्यंत ठेवा. अर्ध्या दिवसाचं भाडं आत्ताच ठरवून त्याच पावतीवर लिहून घ्या. त्या दिवशी दुपारी विचाराल तर पूर्ण दिवसाचं मागतील. मग कार्यालय सोडताना त्यांच्या बॅगा सरळ त्याच दोन खोल्यांत.