ई-सायकलला २५० वॅटचं कुंपण: घाटातून जाणाऱ्यांनी काय करायचं?

कासारवडवलीकर

आपल्या ठाणे-नवी मुंबई सायकलवाल्यांच्या गटात काल नेरूळच्या एका ताईंनी लिहिलं: "२५० वॅटच्या वरची प्रत्येक ई-सायकल आरटीओने जप्त करून भंगारात द्यावी. ज्यांना चढ झेपत नाही त्यांनी रिक्षा करावी." तिथे दोन ओळींत भागण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर. आपला नियम थोडक्यात असा: मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर ती सायकल, त्यापुढे मोटार वाहन, म्हणजे लायसन, नोंदणी, विमा सगळं आलं.

ताई, पाम बीच रोड सपाट आहे. मी कासारवडवलीहून काशिमीऱ्याला कामाला जातो, म्हणजे मधे गायमुखचा घाट. मागून कंटेनर, कडेला खडी आणि खड्डे. त्या चढावर सायकल ताशी सात-आठ किलोमीटरवर आली की हँडल डगमगतं, आणि नेमका तेव्हाच ट्रक हातभर अंतरावरून जातो. मला तिथे वेग नकोय, ताकद हवी आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपला नियम त्यांची गल्लत करतो.

हिशोबच करा. दूधवाला सत्तर किलोचा, सायकल पंचवीसची, कॅन आणि पिशव्या पंचावन्न. झाले दीडशे किलो. शंभर मीटरला सहा मीटर चढ आणि वेग फक्त दहा धरला, तरी पावणेतीनशे वॅट लागतात. हे चाकाला मिळायला हवेत. स्वस्तातली, चाकाच्या मधोमध बसणारी हब मोटर कमी वेगात निम्मी शक्ती तापण्यातच घालवते.

२५ किमीची वेगमर्यादा मला शंभर टक्के मान्य आहे. वजनाचीही घाला. पण वॅट ५०० करा. अमेरिकेत ७५० चालतात, तिथे काय रोज प्रलय होतो?

नेरूळ_सेक्टर१९

ती पोस्ट माझीच. आणि त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही.

वेगमर्यादा मान्य आहे म्हणता, ती पाळली जाते की नाही हे रस्त्यावर कोण बघणार? नंबरप्लेट नाही, कॅमेऱ्यात सापडत नाही. मागच्या पावसाळ्यात सर्व्हिस रोडला जाड टायरची एक "सायकल" मला उलट्या दिशेने येऊन धडकली. पॅडल नावाला होतं, पोरगा थ्रॉटल, म्हणजे स्कूटरसारखी मूठ, पिळत होता. माझं मनगट मोडलं, तो निघून गेला. चौकीत पहिला प्रश्न, गाडीचा नंबर काय? नाही. मग लिहायचं काय? विमा नाही, मालक नाही, काही नाही. सगळा खर्च माझा.

आता तुमचं विज्ञान. २५० वॅटच्या मोटरचं लिमिट, म्हणजे २५ च्या वेगाला मोटर बंद करणारी सोय, कोणी काढलंच, तर सपाट रस्त्यावर हवेचा रोधच तिला तिशीच्या आसपास अडवतो. हजार वॅटच्या मोटरचं काढलं की तीच सायकल पंचेचाळीस गाठते. ब्रेक मात्र तेच, सायकलचे. म्हणून मर्यादा वॅटवर. मोटर लहान असेल तर लबाडीसुद्धा लहानच राहते.

अमेरिकेचं उदाहरण देता तर ब्रिटनचंही द्या. त्यांनी २०२४ मध्ये ५०० वॅटचा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला आणि शेवटी २५० वरच थांबले. युरोपातही २५० आहे. तिथे आल्प्स आहेत, तुमच्या गायमुखाहून मोठे.

नियमावली

दोघेही मूळ नियम न वाचता भांडताय. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम २(यू). त्यात मोटरची "तीस मिनिटांची शक्ती" ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी असं आहे. अर्धा तास सलग जेवढी देऊ शकते तेवढी. क्षणिक शक्ती किती असावी याबद्दल त्या अटीत काही नाही. ३६ व्होल्टची बॅटरी आणि १५ ॲम्पिअरचा कंट्रोलर (मोटरला किती वीज जाऊ द्यायची ते ठरवणारा डबा) म्हणजे ५४० वॅट खेचले जातात, तरीही मोटर नियमात बसू शकते. म्हणजे दूधवाल्याच्या चढापुरती ताकद आजही कायदेशीर आहे. आणि नेरूळताई, याच कारणाने तुमचा तिशीचा हिशोबही थोडा कच्चा. क्षणिक पाचशेवर ती पस्तीसच्या पुढे जाऊ शकते.

वेग २५ च्या आत, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, धड ब्रेक, याही अटी आहेत. आणि सर्वांत महत्त्वाची अट लोक विसरतात. हे सगळं नियम १२६ मधल्या तपासणी संस्थेने, म्हणजे पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट यांच्यासारख्या संस्थेने, तपासून प्रमाणित केलेलं हवं. जुन्या सायकलला घरी मोटर-बॅटरीचं किट बसवलं, तर वॅट २०० असोत की १५०, ते प्रमाणपत्र तुमच्याकडे नाही. मग ती मोटार वाहनच धरली जाऊ शकते. म्हणजे लायसन, नोंदणी, विमा सगळं लागू. लायसन नसेल तर ५ हजार. मालकाने गाडीत बेकायदा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलाला ५ हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

वागळे_किटवाला

आमचं पोट या किटवर आहे म्हणून लिहितो. सगळे दुकानदार चोर अशा सुरात बोलू नका.

गिऱ्हाईक ऑनलाइन मागवलेलं किट घेऊन येतं, "फक्त बसवून द्या." हबवर २५० चा शिक्का, आणि कंट्रोलर २२ ॲम्पिअरचा, ४८ व्होल्टचा. हजाराच्या वर वॅट झाले! शिक्का बघून काही कळत नाही, कंट्रोलर बघा. अशी किटं मी परत पाठवतो. लिमिटची वायर तोडून द्या म्हणणारे तर रोज येतात, आणि त्यांत निम्मे चांगल्या घरचे, गाडी पार्क करून आलेले असतात. २०२२ ला परिवहन खात्याने मोहीम काढली तेव्हा गावातल्या लहान दुकानांत आधी आले. किट आयात करणारा कुठे बसलाय ते विचारायला कोणी गेलं का?

आणि कासारवडवलीकर साहेब, तुम्हाला घाटासाठी वॅट नकोत, पॅडलपाशी बसणारी, सायकलच्या गिअरमधून चालणारी मिड-ड्राइव्ह मोटर हवी. २५० ची मिड-ड्राइव्ह गायमुख आरामात चढते.

कासारवडवलीकर

किंमत सांगा ना तिची! चांगल्या मिड-ड्राइव्ह सायकलचे पैसे ऐकून दूधवाला पेट्रोलची स्कूटर घेऊन मोकळा होईल. २५० वॅटचं कुंपण म्हणजे पैसेवाल्याने मिड-ड्राइव्हवर घाट चढायचा आणि गरिबाने तापलेली हब मोटर ढकलत न्यायची. माझं म्हणणं नेमकं हेच आहे.

ऐरोलीची_आई

एक विचारू? आमच्या सेक्टरमध्ये आठवी-नववीची मुलं थ्रॉटलवाल्या गाड्यांवर क्लासला जातात, दोघं-दोघं, हेल्मेट नाही. दुकानदाराने सांगितलं "लायसन लागत नाही." माझा मुलगाही हट्ट धरून बसलाय. उद्या तीच गाडी जास्त वॅटची निघाली तर?

नियमावली

तर ताई, ती मोटार वाहन ठरते आणि कलम १९९-अ लागतं. अल्पवयीन मुलाच्या हातात मोटार वाहन दिल्याबद्दल पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. दुकानदाराकडून तपासणी प्रमाणपत्राची प्रत घ्या. देत नसेल तर गाडी घेऊ नका.

सचिव_घोडबंदर

विषय निघालाच आहे तर सोसायटीचं ऐका. आम्ही पार्किंग स्टिकर आरसी बघून देतो. या गाड्यांना आरसी नाही, नंबर नाही. सायकल म्हणून सायकल स्टँडला लावा म्हटलं तर मालक म्हणतो, पन्नास हजारांची आहे, स्टिल्टमध्ये जागा द्या. जागा दिली तर चार्जिंग पॉइंट द्या. नाही दिला तर बॅटरी काढून लिफ्टमधून वर, आणि रात्रभर पॅसेजमध्ये कॉमन मीटरच्या बोर्डावर चार्जिंग! पॅसेज हा आग लागल्यावर पळण्याचा रस्ता आहे. चौदाव्या मजल्यावर लिथियम पेटली तर जबाबदार कोण, सचिवच ना?

खारघर_निवृत्त

सचिव महाशय, आमच्याही सचिवांनी हेच केलं. माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, डॉक्टरांनी सायकल चालवा सांगितलं, खारघरच्या चढासाठी मोटरवाली घेतली. प्रमाणित, बिलासकट. तरी वॉचमन गेटवर अडवतो, "नंबर नाही, आत नाही." चार-चार गाड्या ठेवणाऱ्यांना स्टिकर, मला नाही. वॅटचा वाद तुम्ही घाला, माझा वाद गेटवरच अडलाय.

सचिव_घोडबंदर

काका, तुमच्यासारखे नियमाने वागणारे दहात एक. बाकीच्यांच्या बॅटऱ्या कुठून आणलेल्या, कोणी जोडलेल्या, काही पत्ता नसतो. सेल जुने, वर नवं प्लास्टिक.

वागळे_किटवाला

हे मात्र खरं बोललात. बीएमएस, म्हणजे जास्त चार्जिंग आणि तापण्यापासून वाचवणारं सर्किट, नसलेली बॅटरी मी माझ्या दुकानातसुद्धा रात्री ठेवत नाही.

नेरूळ_सेक्टर१९

बघा! नंबर नाही म्हणून माझी तक्रार लिहून घेतली जात नाही आणि नंबर नाही म्हणून काकांना गेटमधून आत सोडत नाहीत. मी पहिल्यापासून हेच सांगतेय. २५० च्या वर काही हवं असेल तर नंबर घ्या. लूनाला पॅडल होतं, पन्नास सीसीच इंजिन होतं, तरी तिला नंबर होता, लायसन होतं. कुणाचं काही अडलं नाही.

कासारवडवलीकर

लूनाचा मुद्दा चुकीचा. कलम २(२८) प्रमाणे २५ सीसीपर्यंतची दुचाकी मोटार वाहनच नाही. म्हणजे धूर सोडणाऱ्या छोट्या इंजिनाला सूट होतीच आणि आमच्या पाचशे वॅटना नाही.

नंबर घ्यायला माझी ना नाही. पण घेऊ कुठून? घरी किट बसवलेली सायकल कोण पास करणार? तपासणी कंपनीच्या मॉडेलची होते, माझ्या एका सायकलची नाही. ठाण्याच्या आरटीओत "सायकल पासिंग करायची आहे" म्हणून रांगेत उभं राहून दाखवा. २५० ते ५०० मधे एक साधा वर्ग काढा, छोटा नंबर, थर्ड पार्टी विमा, थ्रॉटल बंद, फक्त पॅडल मारल्यावर मोटर. तेवढं द्या, मी उद्या पैसे भरतो.

नेरूळ_सेक्टर१९

थ्रॉटल बंद आणि विमा सक्तीचा असेल, तर ५०० वर मी गप्प बसेन. पाठिंबा नाही, फक्त गप्प बसेन. आणि तो वर्ग येईपर्यंत तुमची सायकल बेकायदाच आहे, हे लक्षात असू द्या.

कासारवडवलीकर

माझी २५० चीच आहे, कंपनीची, कागदासकट. म्हणून तर घाटात ढकलावी लागते.

खारघर_निवृत्त

सचिव महाशय, तुम्ही प्रमाणपत्र बघून स्टिकर देता का ते सांगा, म्हणजे आमच्या कमिटीला दाखवता येईल.

सचिव_घोडबंदर

प्रमाणपत्राची प्रत, बिल आणि फ्रेम नंबर आणून द्या, फ्रेम नंबरवर स्टिकर देऊ. येत्या मीटिंगमध्ये तसा ठराव मांडतो. पॅसेजमध्ये चार्जिंग मात्र नाही म्हणजे नाही.