एकाच फायबर लाइनवर सात संगणक: इंटरनेट सगळ्यांना, पण टॅली आणि प्रिंटर अर्ध्यांनाच

प्रश्न (सांगलीचा करसल्लागार):
नमस्कार. आमचे कार्यालय दोन खोल्यांचे असून सात संगणक एकाच फायबर लाइनवर चालतात. लाइनवाल्यांनी बसवलेल्या बाहेरच्या राउटरची चार पोर्टे कमी पडू लागली, म्हणून गेल्या महिन्यात आतल्या खोलीसाठी दुसरा राउटर घेतला आणि बाहेरून ओढलेली केबल त्याच्या निळ्या पोर्टात लावली. तेव्हापासून इंटरनेट सातही संगणकांवर व्यवस्थित आहे; परंतु टॅलीचा डेटा असलेला बाहेरचा संगणक आतल्या चौघांना सापडत नाही, आणि आतल्या प्रिंटरवर बाहेरून एकही पान निघत नाही. विवरणपत्रांच्या मुदतीच्या दिवसांत आमची मुले पेनड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतात, हे मला पाहवत नाही. आतल्या खोलीसाठी वेगळे कनेक्शन घ्यावे काय?

उत्तर (तारजोडणी):
कृपया वेगळे कनेक्शन घेऊ नका, कारण त्याने दोन्ही खोल्या कायमच्याच तुटतील. प्रत्येक खोलीतल्या एका संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या. बाहेर १९२.१६८.१ ने आणि आत १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर दुखणे सापडले असे समजा. निळे पोर्ट बाहेरच्या जगाकडे जाण्यासाठी असते. त्यात केबल लावल्यामुळे नवा राउटर बाहेरच्या खोलीलाच 'इंटरनेट' समजतो आणि आपल्या मागे स्वतंत्र जाळे उभे करतो. आतून निघालेली मागणी तो स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवतो, म्हणून इंटरनेट चालते. बाहेरून आपणहून आलेली मागणी मात्र तो अडवतो, आणि संगणक नावाने शोधण्यासाठी दिलेली हाक त्याच्या पलीकडे जातच नाही.

उपाय करताना क्रम पाळा. प्रथम निळ्या पोर्टातली केबल काढा. आतल्या एका संगणकावरून नव्या राउटरचे सेटिंग्जचे पान उघडून त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मात्र हा पत्ता बाहेरचा राउटर इतर कोणाला देत नाही ना, हे आधी पाहून घ्या. त्यानंतर डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा, कारण एका जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे असले की आज चाललेला संगणक उद्या अडतो. शेवटी बाहेरून आलेली केबल साध्या लॅन पोर्टात (निळे सोडून उरलेल्यांपैकी एकात) लावून सगळे संगणक पुन्हा सुरू करा. एखाद्याला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला, तर पत्ता वाटणाऱ्यापर्यंत त्याची हाक पोहोचलेली नाही; बहुधा केबल चुकून पुन्हा निळ्या पोर्टातच गेलेली असते.

उत्तर (जुना हिशेबनीस):
वरील सल्ला अचूक आहे. फक्त प्रिंटरचा जुना पत्ता आता निरुपयोगी होईल, हे ध्यानात ठेवावे. बाहेरच्या राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा आणि सातही संगणकांवर प्रिंटर त्या पत्त्याने नव्याने जोडा, अन्यथा वीज जाऊन आली की छपाई पुन्हा थांबेल. आतल्या खोलीत वायफायची गरज नसेल, तर आठ पोर्टांचा साधा स्विच (अनेक संगणकांच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) पुरेसा होता; त्यात मांडणी बदलण्यासारखे काही नसते. मात्र एकाच केबलची दोन्ही टोके एकाच साध्या स्विचमध्ये लावू नका. आमच्याकडे सफाईनंतर कोणीतरी लोंबणारे टोक सद्भावनेने रिकाम्या पोर्टात खोचले आणि सारे कार्यालय दुपारपर्यंत ठप्प होते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमाने केले. टॅली आत उघडली आणि बाहेरून छपाईही झाली. आता एकच शंका उरली आहे. कोपऱ्यातल्या संगणकावर टॅली फार हळू उघडते आणि तिथे जोडणीचा वेग १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसतो.

उत्तर (तारजोडणी):
त्या संगणकाचे आणि राउटरचे पोर्ट १००० चे असेल, तर केबल तपासा. १०० च्या वेगाला आठांपैकी चारच तारा लागतात, १००० ला आठही लागतात. एखादी तार टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नसेल, तर जोडणी तक्रार न करता १०० वर उतरते. दोन्ही टोके कापून नवे प्लग क्रिंप करा (अवजाराने दाबून बसवा) आणि प्लगच्या पारदर्शक तोंडातून आठही तारांची टोके शेवटपर्यंत गेलेली दिसतात का, ते डोळ्यांनी पाहूनच केबल लावा.