पॉटलकचा स्ट्यू: माई, मंडळाच्या मेल-लिस्टवर आहात का?

प्रेषक: दादा (कॅलगरी)
दिनांक: ३ जानेवारी

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या महिनाअखेरच्या पॉटलकची, कोण घरून काय आणणार याची, यादी करतोय. मसालेभात, मटकीची उसळ, कोशिंबीर, गुलाबजाम, सगळे रकाने भरले. एकच रिकामा आहे. त्यात मी दरवर्षी कुणाला न विचारता ‘माई: स्ट्यू, दोन पातेली’ असं लिहून मोकळा व्हायचो. माई ऑक्टोबरात कायमच्या नाशिकला गेल्या हे हाताला अजून कळलेलं नाही, यंदाही तेच लिहिलं आणि मग खोडलं.

परवा मी घरी करून बघितला. सुपरमार्केटातून ‘स्ट्युइंग बीफ’चं पाकीट आणलं, कांदा परतला, सगळं टाकलं, तासभर खळाखळा उकळलं. अर्धे तुकडे रबर, अर्धे भुसा, आणि रस्सा म्हणजे गढूळ पाणी. लेकाने चमचा खाली ठेवून विचारलं, “बाबा, हे झालंय की व्हायचंय?”

माई, मेल बघत असाल तर रेसिपी पाठवा. प्रमाणासकट.

---

प्रेषक: एक जुना सदस्य
दिनांक: ३ जानेवारी

दादा, पॉटलकमध्ये कोण काय आणतं याबद्दल कधी तक्रार केली नाही, आजही नाही. पण मंडळाच्या लिस्टवर बीफची पाककृती फिरावी का, यावर विचार व्हावा. आमच्या घरी हे मेल सासूबाईही वाचतात.

---

प्रेषक: माई (नाशिक)
दिनांक: ५ जानेवारी

दादा, आहे बाई लिस्टवर. उतरले नाही आणि उतरणारही नाही. तुमच्या हॉलच्या पार्किंगच्या भांडणांशिवाय सकाळचा चहा जात नाही.

आधी जुन्या सदस्यांना. तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि म्हणूनच तर मी बावीस वर्षं दोन पातेली आणत होते. एकात बीफ, एकात मशरूम आणि राजमा. बीफच्या डावाला लाल दोरा गुंडाळलेला असायचा आणि ती पातेली एका टेबलावर कधीच ठेवली नाहीत. सासूबाईंना सांगा, खालच्या मेलमध्ये मेंढी आहे. कारण आता मी नाशिकला आहे आणि इथे गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्रात गोहत्येला बंदी १९७६ च्या कायद्यापासून, आणि २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. बाजारात ‘मोठ्याचं’ म्हणून जे मिळतं ते म्हशीचं. आमच्या बहिणीच्या ओट्यावर तेही चालणार नाही, आणि ओटा तिचा आहे.

पण थंडी पडली ना! तुम्ही उणे पंचवीसमध्ये बसून हसाल, तरी सांगते. निफाडचा पारा उतरला की इथले द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. सकाळी गंगापूर रोडला फिरायला निघालं की नाकाला तो धूर लागतो. त्या वासाने मला काय आठवावं, तर स्ट्यू. मिसळ नाही, हुरडा नाही. मेलं काय म्हणावं या जिभेला.

तर इथे तीनदा केला. पहिल्यांदा फसला. मी खाटकाकडे गेले आणि तिथल्या सवयीने “चांगलं द्या हो मामा” म्हणाले. त्याने चांगलं दिलं: कोवळा बोकड, मांडीचं, बिनचरबीचं. तीन तास मंद शिजवलं आणि दोऱ्या झाल्या. चूक त्याची नाही. नाशिकच्या खाटकाला ‘चांगलं’ म्हणजे कोवळं. स्ट्यूला कोवळं चालत नाही. जनावराचा जो भाग आयुष्यभर राबला, खांदा, मान, नळीच्या आसपासचा, तो हवा. तिथे स्नायूंच्या मधे पांढरे चिवट पडदे असतात. कच्चे असताना दाताला दाद देत नाहीत, पण तीन तास हलक्या आचेवर ठेवले की विरघळून जिलेटिन होतं, आणि रश्श्याला ओठ चिकटतील असा दाटपणा येतो. मांडीत ते पडदे कमी, त्यामुळे विरघळायला काही नाही, नुसतं सुकायला आहे.

दादा, तुमच्या पाकिटाचंही तेच झालं. ‘स्ट्युइंग बीफ’ म्हणजे दुकानदाराच्या सुरीखाली उरलेले चार जागचे तुकडे. एक तासात शिजतो, दुसऱ्याला तीन लागतात, म्हणून अर्धं रबर आणि अर्धा भुसा. सबंध ब्लेड रोस्ट आणा, तो खांद्याचा भाग, आणि घरी कापा.

दुसऱ्या खेपेला मी ‘बोल्हाईचं मटण’ अशी पाटी असलेलं दुकान शोधलं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी: वाडे बोल्हाईच्या देवीचे भक्त बोकड-शेळी खात नाहीत, मेंढी खातात, म्हणून मेंढीच्या मटणाला हे नाव. आयरिश स्ट्यू मुळात मेंढीचाच, म्हणजे मी काही फार मोठं पाप करत नव्हते. मामांना म्हटलं, मोठ्या वयाची बघा, खांदा आणि मान, हाडासकट, आणि तुकडे लिंबाएवढे. ते म्हणाले, “ताई, एवढे मोठे? शिजणार नाहीत.” “शिजवते,” म्हटलं. त्यांनी नळ्या फुकट टाकल्या, बहुधा कीव येऊन.

तो जमलाच असता, पण मी अंघोळीला गेले तेवढ्यात बहिणीने झाकण उघडून वास घेतला आणि “अगं, यात काहीच नाही” म्हणून दोन चमचे काळा मसाला लोटला. झालं काय, तर उत्तम काळं मटण. भाकरी चुरून सगळ्यांनी बोटं चाटली. मी एकटीच रुसून बसले.

तिसरा जमला. तो असा.

मांस दीड किलो, लिंबाएवढे तुकडे, धुतल्यावर फडक्याने अगदी कोरडे टिपलेले. ओलं मांस तेलात पडलं की उकडतं, भाजत नाही, आणि सगळी चव भाजण्यात आहे. मीठ-मिरी लावा. जाड बुडाच्या पातेल्यात तेल कडकडीत तापवा आणि एका वेळी पाच-सहाच तुकडे टाका, एकमेकांना न चिकटता. टाकले की हात बांधून उभे राहा. आपल्याला सतत ढवळायची खोड आहे, ती इथे आवरा. तुकडा स्वतःहून बूड सोडेल तेव्हा उलटा. रंग गुलाबजामसारखा हवा. तीन-चार हप्त्यांत सगळं भाजायला अर्धा तास जातो, आणि या अर्ध्या तासाला पर्याय नाही.

मग त्याच पातेल्यात तीन कांदे (लासलगावचे असतील तर दोनच, तिखट असतात), सहा लसूण पाकळ्या, एक मोठा चमचा टोमॅटो प्युरी. ती लाल-तपकिरी होईपर्यंत परता. दोन मोठे चमचे मैदा भुरभुरून मिनिटभर. आता अर्धी बाटली रेड वाइन. इथे मला कॅलगरीची मुळीच आठवण येत नाही. दिंडोरीच्या वाटेवरून शिराज आणली, घरापासून अर्ध्या तासावर. वाइन पडली की बुडाला लागलेली खरपूड उलथन्याने खरवडून घ्या. आपल्याकडे खरपूड म्हणजे करपलं, पातेलं घासणाऱ्याचे शिव्याशाप. स्ट्यूमध्ये तीच जान आहे. फक्त काळी होऊ देऊ नका, तपकिरीच ठेवा.

वाइन निम्मी आटली की मांस परत आत, वर लिटरभर हाडांचं पाणी. माझ्याकडे फुकटच्या नळ्या होत्या. तुम्ही खोक्यातला स्टॉक वापराल तर त्यात बिनचवीच्या जिलेटिनचं एक पाकीट भिजवून घाला, खोक्यातला फार पातळ असतो.

आता थाईम, तिकडचा सुगंधी पाला. इथे ताजा शोधत मी तीन दुकानं हिंडले. मग डोक्यात प्रकाश पडला. थाईमचा वास ज्या थायमॉलचा, तोच ओव्यात असतो. ओवा चिमूटभर, फक्त चिमूटभर, नाहीतर बाळंतिणीचा काढा होतो. तमालपत्रही जपून. तिकडचं बे लीफ वेगळ्या झाडाचं, आपल्या तमालपत्राला दालचिनीसारखा गंध असतो, म्हणून अर्धंच पान. आणि वूस्टर सॉस नसेल तर चिंचेचा कोळ एक चमचा. त्या सॉसमध्येही चिंच असतेच.

ओव्हन इथे नाही. गॅस बारीक, त्यावर जुना लोखंडी तवा, तव्यावर पातेलं, आणि खोलगट झाकणात पाणी. आईची पद्धत. वाफ झाकणाला लागून पुन्हा आत ठिबकते आणि खाली लागत नाही. उकळी अशी हवी की थांबून थांबून एखादा बुडबुडा यावा, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा. खळाखळा उकळलंत की मांस आवळतं आणि पिळून कोरडं होतं. दोन तासांनी चार गाजरं आणि पाच बटाटे मोठ्या फोडी करून. बटाटे आधी घालू नका. शेवटी मूठभर मटार, आत्ता इथे ढिगाने आहेत.

एकूण सव्वातीन तास. बहीण दर पंधरा मिनिटांनी येऊन सिलिंडरकडे बघत होती, बोलली काही नाही. मी जेवताना तिच्या पानात नळी वाढली. तिने ती पोळीवर ठोकली, मगज चोखला, आणि म्हणाली, “हं. मसाला घातला असता तर बरा झाला असता.”

माई

---

प्रेषक: अण्णा (कॅलगरी)
दिनांक: ६ जानेवारी

माई, वाचून देवळालीत गेलो. माझं लहानपण कॅम्पातलं. वडील कॅन्टोन्मेंटात कारकून, आणि शेजारी एक म्हातारे खानसामा राहायचे, साहेबाच्या काळापासूनचे. ते याला ‘इष्टू’ म्हणायचे आणि पावाबरोबर द्यायचे. त्यात वाइन-बिइन काही नाही, मिरी मात्र सढळ. (नव्या मंडळींसाठी: इंग्रजीत वेड्याला ‘डूलॅली’ म्हणतात तो शब्द आमच्या देवळालीचा. जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर तिथे महिनोन्महिने पडून राहायचे आणि डोक्यावर परिणाम व्हायचा. आम्ही तिथेच अठरा वर्षं काढली, परिणाम तुम्ही बघताच.)

पण सव्वातीन तास? कुकर कशासाठी आहे? शिवाय कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर, इथे पाणी सत्त्याण्णवच्या आतच उकळतं. कुकरमध्ये एकशेवीसपर्यंत जातं. पस्तीस मिनिटांत काम तमाम. गणित माझ्या बाजूने आहे.

---

प्रेषक: माई (नाशिक)
दिनांक: ६ जानेवारी

अण्णा, गणित तुमचं बरोबर, पातेलं माझं बरोबर. उंचीचा इथे संबंध नाही, कारण आपल्याला उकळायचंच नाहीये, त्याच्या खालीच ठेवायचंय. कुकरमध्ये मांस मऊ होतं, मी नाही म्हणत नाही. पण पाणी आटत नाही, रस्सा पातळ राहतो. शिट्टीच्या घाईत असाल तर एवढं करा: मांस आधी सांगितलं तसं भाजा, पाणी निम्मंच घाला, अर्धा तास कुकर, वाफ आपोआप जिरू द्या. मग झाकण काढून गाजर-बटाटे घालून उघडंच अर्धा-पाऊण तास. भाज्या कुकरमध्ये घातल्यात तर मला कळेल. कसं ते विचारू नका.

खानसामाचं बरोबर होतं. मिरी सढळच हवी.

---

प्रेषक: वहिनी (कॅलगरी)
दिनांक: ८ जानेवारी

माई, दुसऱ्या पातेल्याचं कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे तेच संपायचं पहिलं. आणि आदल्या दिवशी करून ठेवला तर चालतो का?

---

प्रेषक: माई (नाशिक)
दिनांक: ८ जानेवारी

चालतो काय, आदल्या दिवशीच करा. रात्रभर मुरतो, आणि गार झाल्यावर वर चरबीचा थर जमतो तो चमच्याने उचलून टाकता येतो. मात्र फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर बटाटे वगळून, ते नंतर रवाळ होतात.

दुसरं पातेलं: मशरूम अर्धा किलो, अर्धे करून, कोरड्या तापल्या पातेल्यात पाणी सुटून आटेपर्यंत, मग तेल घालून लाल. तिथेही तेच, गर्दी नको. पुढचं सगळं वरच्यासारखं, फक्त हाडांच्या पाण्याऐवजी राजमा शिजवलेलं पाणी आणि मैद्याबरोबर मूठभर मसूर, दाटपणासाठी. जिलेटिनचं पाकीट यात चुकूनही घालू नका, ते जनावराचंच असतं. तासाभरात होतं. इथे यंदा मी मशरूमबरोबर सुरणाच्या तळलेल्या फोडी घातल्या. तिकडे फ्रोझन सुरण मिळतो, बघा जमलं तर.

दादा, मोठं पातेलं मंडळाच्या स्टोअररूममध्ये आहे, गणपतीच्या मखरामागे. डावही त्यातच. लाल दोरा आता सुटत आला असेल, नवा बांधा, आणि गाठ दांड्याच्या टोकाशी मारा, खाली मारली की रश्श्यात भिजते.

माई